रुंद ट्रेलर घेण्याआधी खाली वाकून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या ट्रेलर पर्यटनावर आलेला लेख वाचला. लेख छान रंगवलाय. फोटो तर झकास. पण नवख्या मराठी कुटुंबांना त्यात जो सल्ला दिला आहे, की ‘आठ फुटीच्या फंदात पडू नका, सरळ साडेआठ फुटी रुंद ट्रेलर घ्या, सहा इंचांचा फरक रस्त्यावर कळतसुद्धा नाही’, तो वाचून मला राहवले नाही. सहा इंच रस्त्यावर कळत नाहीत असे म्हणणाऱ्याने एकतर ट्रेलर ओढलेला नाही, किंवा त्याच्या मागच्या गाडीवाल्याला विचारलेले नाही.

माझी ओळख सांगतो म्हणजे मी मधेच कुठून टपकलो असे वाटायला नको. माझी सगळी नोकरी एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी बांधण्यात गेली. चॅसी यायची, तिच्यावर आम्ही सांगाडा उभा करायचो, पत्रा चढवायचो आणि गाडी डेपोला जायची. रुंदी, उंची, ओव्हरहँग (चाकांच्या बाहेर लोंबणारा भाग) हे शब्द आमच्या डब्यातल्या भाजीइतके रोजचे होते. मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो. उन्हाळ्यात आम्ही दोघे तिकडे जातो. त्याने ट्रेलर घ्यायचा ठरवला तेव्हा घरात या रुंदीवरून जे महाभारत झाले, ते मी जवळून पाहिले आहे आणि त्यात माझाही वाटा आहे.

आधी ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी. पिकअपच्या मागे हिचला, म्हणजे ओढायच्या आकड्याला, जोडून न्यायचे हे चाकांवरचे घर. आत पलंग, ओटा, संडास-बाथरूम, पाण्याच्या टाक्या, छतावर एसी. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात बनतात. रुंदी ढोबळमानाने दोन मापांत येते. ९६ इंच म्हणजे ८ फूट, आणि १०२ इंच म्हणजे साडेआठ फूट. अगदी छोटे फायबरग्लासचे याहून अरुंद असतात, पावणेसात-सात फुटी, पण ते दोघांसाठी. ही दोन मापे कुणाच्या आवडीनिवडीतून आलेली नाहीत. १९५६च्या महामार्ग कायद्याने तिकडे मोठ्या वाहनांची रुंदी ९६ इंचांवर बांधली होती. १९८२च्या कायद्यानंतर ठरलेल्या मोठ्या रस्त्यांच्या जाळ्यावर १०२ इंच चालू लागले. ट्रक रुंद झाले, मागोमाग ट्रेलरवाल्यांनीही घरे रुंद केली. पण गल्लीबोळ, जुने पूल, बोगदे आणि जंगलातले कँपग्राउंड मात्र ९६ इंचांच्या किंवा त्याहून जुन्या काळात बांधलेले. कायद्याची मर्यादा वाढवता येते, डोंगर पोखरून केलेला बोगदा तसा फुगत नाही.

आता मुद्द्याचे. १०२ इंच म्हणजे २.५९ मीटर. आपल्या एसटीची लाल गाडी अडीच मीटरच्या आसपास. म्हणजे रुंद ट्रेलर ओढणारा माणूस आपल्या पिकअपमागे एसटीएवढी, किंबहुना तिच्याहून तसूभर जास्तच रुंद वस्तू ओढत असतो. तुम्ही म्हणाल, एसटीचा ड्रायव्हर रोज आंबा घाट चढतो-उतरतो, मग यात काय मोठे? मोठे हे की एसटीचा ड्रायव्हर त्या रुंदीच्या आत बसलेला असतो. उजवा कोपरा त्याच्या कोपराशी असतो, आरसा बॉडीच्या काठाला असतो. काच जिथून निघाली तिथून गाडी निघणार, हा हिशेब त्याच्या अंगात मुरलेला असतो. ट्रेलर ओढणारा बसतो अरुंद गाडीत आणि रुंदी येते मागून.

आकडेच मांडतो. मुलाची पिकअप फोर्ड एफ-१५०. आरसे सोडून तिची रुंदी ७९.९ इंच, ८० धरा. मागे ९६ इंची ट्रेलर लावला तर दोन्ही बाजूंना पिकअपच्या बाहेर ८-८ इंच येतो. १०२ इंची लावला तर ११-११ इंच. पिकअपच्या टायरने फुटपाथचा कठडा चुकवला म्हणून ट्रेलरने चुकवला असे नाही. वळणावर तर ट्रेलरची चाके आणखी आत कापतात. हे जे तीन-तीन इंच दोन्हीकडे वाढतात, तेच पेट्रोल पंपाच्या खांबाशी आणि टोलनाक्याच्या गाळ्यात भेटतात. लेखकमहाशय म्हणतात तसे आतल्या सोफ्यावर बसून ते दिसत नाहीत हे खरे.

तिकडच्या इंटरस्टेटची, म्हणजे राज्याराज्यांतून जाणाऱ्या महामार्गाची, लेन १२ फुटांची. आठ फुटी गाडी मधोमध चालवली तर दोन्हीकडे दोन-दोन फूट उरतात, साडेआठ फुटीला पावणेदोन-पावणेदोन. मोकळ्या रस्त्यावर हा फरक खरोखरच कळत नाही, एवढे मी लेखकाचे मान्य करतो. पण उन्हाळ्यात अमेरिकेत जागोजागी रस्त्याची कामे निघतात. एका बाजूला सिमेंटचे ठोकळे लावून लेन अकरा फुटांवर, कुठे दहा फुटांवर आणतात. दहा फुटांत आठ फुटी गाडीला एका बाजूला फूटभर जागा राहते, साडेआठ फुटीला नऊ इंच. आणि शेजारून अठरा चाकी ट्रक, तोही साडेआठ फुटीच. ट्रक पुढे जाताना आधी वाऱ्याने ढकलतो आणि मग ओढून घेतो. त्या वेळी सूनबाईंच्या हाताच्या मुठी स्टिअरिंगवर पांढऱ्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. (आमच्याकडे ट्रेलर सूनबाई चालवतात. मुलगा शेजारी बसून नकाशा बघतो आणि घाबरतो.)

वाऱ्याचे आणखी एक. रुंदीने समोरचा पत्रा वाढतो. आठावर अर्धा फूट म्हणजे सहा टक्के जास्त हवा कापायची. ट्रेलर लावला की पिकअपचे मायलेज तसेही निम्म्यावर येते, त्यात ही भर. पिकअप कंपन्या ट्रेलरच्या समोरच्या बाजूचे क्षेत्रफळ किती चौरस फुटांपर्यंत चालेल तेही माहितीपुस्तकात देतात. ते पान कुणी उघडत नाही. सगळे ‘किती पौंड ओढते’ एवढेच विचारतात.

पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शी गावात दर सप्टेंबरला ट्रेलरचे फार मोठे प्रदर्शन भरते. मुलगा मला तिथे घेऊन गेला. मैदानभर चकचकीत ट्रेलर, लोक आत शिरतात, पलंगावर बसतात, ‘वाव’ म्हणतात आणि पुढच्यात शिरतात. मी टेप आणि टॉर्च नेला होता. पहिला रुंद ट्रेलर दिसला तसा मी गुडघे टेकून त्याच्या खाली डोके घातले. विक्रेता धावत आला, त्याला वाटले म्हातारा पडला. मुलाने त्याला समजावले, तोवर मी आतली चॅसी बघून घेतली.

खाली काय बघायचे ते सांगतो. मधे दोन लांब बीम असतात, त्यांना आडवे जोडलेले असतात ते आउटरिगर, आणि त्यांच्यावर फरशीचा काठ टेकलेला असतो. प्रश्न असा की बनवणाऱ्याने साडेआठ फुटी घरासाठी बीममधले अंतर आणि ॲक्सलची लांबी वाढवली आहे, की जुनीच चॅसी घेऊन नुसते आउटरिगर तीन-तीन इंच लांब केले आहेत? पहिल्या प्रकारात चाके खरोखर बाहेर जातात, ट्रेलर जास्त ठाम उभा राहतो आणि रुंदीचा फायदा चालवतानाही मिळतो. दुसऱ्या प्रकारात घर बाहेर, चाके आतच. मग वळणावर वजन त्या लोंबत्या काठावर पडते. मी टेप लावून एका चाकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मापे घेतली. एकाच मैदानात दोन्ही प्रकार सापडले. विक्रेत्याला विचारले तर तो म्हणाला, चाकांमधले अंतर मला आजवर कुणी विचारले नाही. माणूस प्रामाणिक होता, त्याने निदान थाप मारली नाही. आउटरिगरच्या वेल्डिंगवरही टॉर्च मारा. एका ट्रेलरवर वेल्डिंग बीमच्या दोन्ही अंगांना धरलेले होते, शेजारच्यावर नुसते वरून चार ठिपके दिलेले. दापोडीत असा ठिपका दिसला असता तर साहेबांनी तिथेच छिन्नी लावून तोडायला लावला असता.

आता आत जाऊ, कारण रुंदीची खरी वकिली आतच होते. आणि आमच्या घरात ती वकिली केली आमच्या सौ.नी. त्यांच्या एका गुडघ्याचे ऑपरेशन झालेले आहे. त्यांनी प्रदर्शनात एकही फोटो काढला नाही. प्रत्येक ट्रेलरमध्ये जाऊन आधी संडासाचे दार लावून घ्यायचे, आत बसायचे, उठायचे आणि मग मत द्यायचे. दोन-तीन आठ फुटी ट्रेलरमध्ये उठताना गुडघा दारावर आपटला. रुंद ट्रेलरमध्ये नाही आपटला. ओट्याशी उभ्या राहून पोळी लाटायचा अभिनय केला, नातीला मागून जायला सांगितले. आठ फुटीत नात आजीला घासून गेली, रुंद ट्रेलरमध्ये सुटी गेली. त्यांचा निकाल लागला: रुंदच.

आणि पलंगाचे गणित तर उघड आहे. क्वीन पलंग ६० इंच रुंद. भिंतींची जाडी वजा करता आठ फुटीत आत सुमारे ९१-९२ इंच मिळतात. पलंग लांबीच्या दिशेने मधोमध टाकला तर दोन्हीकडे जेमतेम सोळा इंच, म्हणजे आडवे होऊन सरकायचे. साडेआठ फुटीत ते एकोणीसच्या घरात जातात, बरे असते. म्हणूनच पुष्कळ आठ फुटी ट्रेलरमध्ये पलंग कोपऱ्यात ढकललेला असतो आणि आत झोपणाऱ्याला रात्री उठायचे तर बाहेरच्याच्या अंगावरून. साठीनंतर तो कार्यक्रम रोज रात्री दोनदा असतो.

इथवर सौ. जिंकत होत्या. मी गप्प होतो. मग एका आठ फुटी, बावीस फूट लांबीच्या ट्रेलरमध्ये मागच्या बाजूला दोन सुटे पलंग दिसले, भिंतींना चिकटून, मधे वाट. टेप लावला. ३२-३२ इंचांचे पलंग आणि मधे सुमारे २८ इंच. एसटीच्या पॅसेजमधून ज्यांनी पोती-बोचकी नेली आहेत त्यांना कळेल, २८ इंच म्हणजे राजमार्ग. सौ. तिथे पलंगाच्या काठावर बसल्या, दोन्ही हात दोन्ही पलंगांवर टेकवून उठल्या. परत बसल्या, परत उठल्या. बाथरूम पलंगांच्या पलीकडे मागच्या भिंतीला पूर्ण रुंदीचे होते, त्यामुळे गुडघ्याचाही प्रश्न मिटला. म्हणजे साडेआठ फुटांत जे मिळाले नाही ते आठ फुटांत मांडणीने मिळाले. माझा सगळा सांगण्याचा रोख इथेच आहे. बाहेरच्या सहा इंचांची किंमत तुम्ही प्रत्येक मैलाला मोजता. आत ते सहा इंच कुठे गेले हे मात्र मांडणीवर असते. पुष्कळ रुंद ट्रेलरांत ते सोफ्याच्या फुगीर हातांत आणि टीव्हीखालच्या नकली शेगडीत गेलेले मी पाहिले.

काही जण म्हणतील, मग आठ फुटी घ्या आणि बाहेर सरकणारा कप्पा, म्हणजे स्लाइड असलेला घ्या. थांबल्यावर तीन फूट जास्त मिळतात. मिळतात. पण त्याबरोबर काही शे पौंड वजन, मोटर, रबरी पट्ट्या आणि त्या पट्ट्यांतून झिरपणारे पाणीही मिळते. शिवाय तो कप्पा उघडायला बाजूला झाड नसलेली जागा लागते. मला बॉडीला भोक पाडून त्यात सरकणारी खोली बसवणे मुळातच पटत नाही. हा धंद्यातला पूर्वग्रह समजा.

वजनाबद्दल मात्र पूर्वग्रह नाही, साधी बेरीज आहे. एअरस्ट्रीम या ट्रेलर कंपनीचे उदाहरण घेऊ, कारण त्यांच्याकडे दोन्ही रुंदी शेजारी शेजारी सापडतात. त्यांचा २३ फुटी ट्रेलर ८ फूट रुंद, भरून कमाल वजन ६,००० पौंड. २५ फुटी घेतला की रुंदी जवळजवळ साडेआठ फूट आणि कमाल वजन ७,३०० पौंड. लांबी दोनच फुटांनी वाढली, पण रुंदी तिच्या जोडीला आली. या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे पिकअपच्या मागच्या टोकावर यायला हवा. कमी आला तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि ते फार धोक्याचे. म्हणजे मोठ्याचा निदान ७३० पौंड भार, छोट्याचा ६००.

आता पिकअपच्या ड्रायव्हरकडचे दार उघडा. चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर लिहिलेले असते, माणसे आणि सामान मिळून किती पौंड. मुलाच्या गाडीवर १,५४० आहे. आम्ही पाच जण, नात धरून, ७०० पौंड. उरले ८४०. स्प्रिंगच्या दांड्यांचा हिच (भार पुढच्या चाकांवरही वाटून देणारा) १०० पौंडांचा. बॅगा, कूलर, शेगडी, सौ.ची भांडी यांचे १०० धरले, आणि हे मी कमीच धरतोय. उरले ६४०. त्यात मोठ्या ट्रेलरचे ७३० बसवून दाखवा. ‘ही गाडी दहा हजार पौंड ओढते’ असे जाहिरातीत लिहिलेले असते ते खरेच असते, पण त्या आकड्यात सौ.ची भांडी नसतात. आम्ही शेवटी घेतला तो ५,५०० पौंड कमाल वजनाचा आणि तोसुद्धा काठावर बसतो.

आता माझा आवडता विषय, बोगदे. जागेअभावी कात्री लावायची झाली तर कृपया बाकी कुठेही लावा, इथे नको.

व्हर्जिनियात ॲशबर्नकडे आपली पुष्कळ मराठी मंडळी आहेत, आमची भाचीही तिथेच. एडिसनहून सरळ रस्ता बॉल्टिमोरवरून जातो. तिथे बंदराखालून दोन बोगदे आहेत. बॉल्टिमोर हार्बर बोगद्याला रुंदीची मर्यादा आहे ८ फूट, आरसे धरून. रुंद ट्रेलर तिथेच बाद. ‘म्हणजे आठ फुटी जातो!’ असे मुलगा आनंदाने म्हणाला. पण दोन्ही बोगद्यांना आणखी एक नियम आहे. स्वयंपाकाच्या गॅसची १० पौंडांहून मोठी टाकी चालत नाही. ट्रेलरच्या नाकावर सहसा वीस-वीस किंवा तीस-तीस पौंडांच्या दोन टाक्या असतात. म्हणजे रुंद असो की अरुंद, गॅसवाल्या ट्रेलरला शहराला वळसाच. पूर्वी असे लोक फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायचे. २६ मार्च २०२४ला मालवाहू जहाज आदळून तो पूलच पडला. आता पश्चिमेच्या बाजूने रिंग रोडवरून जायचे आणि तिथल्या गर्दीत बसायचे. तेव्हा ‘आठ फुटी सगळीकडे जातो’ ही उलटी थापही कुणी मारू नये.

यूटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानाचा बोगदा १९३०मध्ये खुला झाला, एक मैलाहून थोडा जास्त लांब. तिथली रेषा ७ फूट १० इंचांची. त्याहून रुंद वाहनासाठी समोरची वाहतूक थांबवावी लागायची आणि त्याचे १५ डॉलर घ्यायचे. आठ फुटी ट्रेलरही त्या रेषेच्या दोन इंच बाहेरच. आता तर २०२६पासून मोठ्या वाहनांना त्या रस्त्यावर बंदीच करायचे उद्यानाने जाहीर केले आहे. मोंटानातल्या ग्लेशियर उद्यानात ‘गोइंग टू द सन’ रस्त्याच्या डोंगराळ भागात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहन नेता येत नाही, आणि ही रुंदी आरशांसकट. तिथे ट्रेलर कँपमध्येच ठेवून जायचे हे ठरलेलेच, पण गंमत अशी की पिकअपला ट्रेलरसाठी लांब आरसे बसवले असतील तर ती एकटीसुद्धा आठ फुटांत बसत नाही. ते काढून ठेवा मग निघा. याउलट व्हर्जिनियातल्या शेनँडोआ उद्यानाच्या स्कायलाइन ड्राइव्ह या रस्त्यावरचा मेरीज रॉक बोगदा १२ फूट ८ इंच उंच आहे, एसीसकट आपला ट्रेलर आरामात जातो. तेवढी एक सहल आम्ही न घाबरता केली.

या सगळ्यावरून लक्षात येईल की बोगद्याच्या पाटीवरची रुंदी आणि माहितीपत्रकातली रुंदी एक नसते. माहितीपत्रकात बॉडीची रुंदी देतात. गुंडाळलेली ताडपत्रीची पडवी, तिच्या कमानी, दाराची मूठ, पायरी, बाहेरचे दिवे हे सगळे त्याच्या बाहेर. मुलाने घेतलेल्या ‘आठ फुटी’ ट्रेलरला मी घरी टेप लावला, दोन्ही बाजूंना ओळंबे सोडून. पडवीची घडी धरून ८ फूट ४ इंच आणि वर दोन सूत भरले. साडेआठ फुटी म्हणून विकलेला असाच मोजला तर किती होईल, तुम्हीच जोडा.

घरी ठेवण्याचाही प्रश्न असतो, तो लेखात एका ओळीचासुद्धा नाही. मुलाच्या घराची भिंत आणि शेजाऱ्याचे कुंपण यांच्यात साडेनऊ फूट जागा आहे. आठ फुटी आत गेल्यावर एका बाजूने माणूस जातो. रुंद गेला असता तर ट्रेलरचे दारच उघडले नसते. मागे घेताना सूनबाई स्टिअरिंगवर आणि मी मागे उभा. तिकडे लोक फोनवर बोलून मागे घेतात. मी आपला पत्र्यावर थाप मारून ‘येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे तोडा, बस्स!’ ओरडतो. शेजारचा गोरा आजोबा खुर्ची टाकून बघत बसतो.

रुंद ट्रेलर कुणीच घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. जे लोक मे महिन्यात एका कँपग्राउंडवर हंगामभराची जागा घेऊन ट्रेलर लावतात आणि ऑक्टोबरमध्येच हलवतात, त्यांनी खुशाल साडेआठ फुटी घ्यावा. ज्यांच्याकडे पाऊण टनी किंवा एक टनी, म्हणजे जास्त भार पेलणारी मोठी पिकअप आहे, रुंद आरसे कारखान्यातूनच आलेले आहेत आणि पश्चिमेकडच्या मोकळ्या रस्त्यांवर फिरायचे आहे, त्यांनीही घ्यावा. व्हीलचेअर किंवा वॉकर लागणारे कुणी बरोबर असेल तर वाद घालूच नये. पण नोकरी सांभाळून शुक्रवारी संध्याकाळी निघणारे, रविवारी रात्री परतणारे, दर वेळी नवे ठिकाण बघणारे, अर्ध्या टनी, म्हणजे एफ-१५०सारख्या पिकअपवाले आपले लोक आहेत, त्यांना ‘रुंदच घ्या’ सांगणे म्हणजे त्यांच्या सुट्टीचा निम्मा वेळ आरशात बघण्यात घालवणे आहे.

लेखाच्या शेवटी असेही म्हटले आहे की महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅराव्हान पर्यटनाचे धोरण आणलेच आहे, तर इथेही असेच प्रशस्त, रुंद कॅराव्हान यावेत. आपल्याकडे वाहनाच्या रुंदीची कायदेशीर मर्यादा २.६ मीटर आहे, म्हणजे साडेआठ फुटी नियमात बसतो. पण मध्यम दर्जाचा डांबरी रस्ता साडेपाच मीटरचा असतो. समोरून २.६ मीटरची गाडी आली आणि आपलीही तेवढीच असली तर दोघांत आणि दोन्ही काठांना मिळून उरते जेमतेम एक फूट. आठ फुटी असेल तर निदान अर्धा फूट अधिक मिळतो. एकेरी पावणेचार मीटरच्या रस्त्यावर तर एकाला साइडपट्टीवर उतरावेच लागते आणि पावसाळ्यात आपली साइडपट्टी कशी असते हे मी वेगळे सांगायला नको. आमचा एसटीवाला त्यातून काढतो, कारण तो त्याच रस्त्यावर रोज असतो. गोव्याहून परतताना पहिल्यांदा कॅराव्हान भाड्याने घेतलेला आयटीतला मुलगा ते काढेल अशी माझी तरी अपेक्षा नाही. कोकणात उतरणाऱ्या वाटांसाठी कॅराव्हान बांधणाऱ्यांनी आठ फुटांच्या आतच राहावे आणि आतली मांडणी सुधारावी, असे मला वाटते.

एक विनंती. आपण या विषयावर पुढचा लेख छापाल तेव्हा प्रत्येक ट्रेलरच्या किमतीशेजारी तीन आकडे द्यावेत: पडवी धरून पूर्ण रुंदी, भरून कमाल वजन आणि दोन्ही चाकांच्या मध्यांमधले अंतर. तिसरा आकडा विक्रेता देणार नाही. तो टॉर्च घेऊन खाली वाकून स्वतः मोजायला वार्ताहराला सांगा. पुण्यातला असेल तर टेप कसा धरायचा ते मी दाखवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त फोरमन
(एसटी मध्यवर्ती कार्यशाळा, दापोडी)
कासारवाडी, पुणे